बिनपंख्याचा कूलर

चोपड्यात मार्च लागला की माझ्या दुकानापुढे
पत्र्याचे डबे रांगेने उभे राहतात:
गंजलेली तळं, गेल्या वर्षीचा वाळा,
घसा बसलेल्या मोटरी.
त्या गर्दीत वनखात्याचा गुमान पावरा
पिशवीतून एक काडी घेऊन आला.
काडीला डोळे होते.
एक माझ्याकडे, एक छताकडे.

लाइनवाल्यांनी निंबाची फांदी पाडली,
तिच्याखाली याचा मागचा पाय सापडला.
सरडगुहिरा. डॉक्टर फेगडे म्हणाले, तीन आठवडे,
मग जिथला तिथे. कागदावर तो सरकारचा.
"आणि पिंजरा?"
"जाळी तर तुझ्याकडेच आहे, बडगुजर."

म्हण मला पाठ होती, सरड्याची धाव कुंपणापर्यंत.
कुंपण कुणी बांधायचं ते म्हणीत नाही.

आई म्हणाली, "आते घरमा सरडा बी पाळशी का?
त्यानी नजर वाईट ऱ्हास."
म्हणून दुकानातच. एक जुना सांगाडा निवडला,
चार फूट उंच, कारण त्याला लांबी नको, उंची हवी.
पंखा काढला. मोटर काढली.
तिन्ही बाजूंना बारीक जाळी ठोकली,
कडा कानशीनं घासल्या, बोट फिरवून पाहिलं,
मग गाल फिरवून पाहिला.

चौथ्या बाजूला हौसेनं काच बसवली.
तिथंच चुकलो.
काचेत त्याला कुणीतरी दिसला.
तो काळा पडला, फुगला, जबडा उघडून
दुपारभर फिसकारत राहिला
जो नव्हताच त्याच्यावर.
संध्याकाळी काच काढली. मला ते ओळखीचं वाटलं,
का, ते सांगत नाही.

फांद्या जांभळाच्या. एक करंगळीएवढी,
एक अंगठ्याएवढी, तिरप्या, एकमेकींत अडकवलेल्या.
त्याची बोटं दोन इकडे, तीन तिकडे,
माझ्या पकडीचीच घडण.
खाली जास्वंदीची कुंडी.
भाच्यानं मोबाइलवर वाचून सांगितलं,
मामा, ऊब यावी म्हणून वर दिवा टांगायचा.
बाहेर बेचाळीस होतं. मी वर गोणपाट टांगलं.

वाटी भरून पाणी ठेवलं. दोन दिवस त्यानं
वाटीकडे एकही डोळा वळवला नाही.
तिसऱ्या दिवशी ओल्या गोणपाटाचा एक थेंब
जास्वंदीच्या पानावर पडला, आणि तो निघाला.
पुढे, मागे, पुढे, मागे,
वारा नसताना हलणाऱ्या पानासारखा.
थांबलेलं पाणी त्याला पाणीच वाटत नव्हतं.
फेगड्यांच्या कंपाउंडरकडून सलाइनची नळी आणली,
मिनिटाला बारा थेंब लावले.
आयुष्यभर मी कूलरचं पाणी गळू नये म्हणून धडपडलो.

नाकतोडे भाचा आणायचा, रुपयाला तीन.
जीभ कधी दिसली नाही.
नाकतोडा असायचा, मग नसायचा.

लोक बघायला येत. कुणी पुढाऱ्याचं नाव घेई,
हसे, म्हणे, हा बघा रंग बदलणारा.
मीही हसायचो, आधी.
पण एकवीस दिवस मी त्याला पाहिलं.
ऊन हवं तर एक बाजू गडद.
झोपेत फिकट, जवळजवळ पांढरा.
पाय दुखला की ठिपके.
राग आला की सगळ्या बाजारपेठेला कळेल असा राग.
त्याला काही लपवता येत नाही.
गिऱ्हाईक घासाघीस करतं तेव्हा
माझा चेहरा कसा राहतो, ते मला माहीत आहे.

गुमान आला तेव्हा सकाळ होती.
नाल्याकाठच्या निंबावर फांदीशी हात धरला.
तो उतरला, थबकला, पुढे, मागे,
त्या फांदीची जाडी मी मोजलेली नव्हती.
मग पानं होती नुसती.
गुमान अजून बोट दाखवत होता, "तो काय, तो काय,"
मी हो म्हणालो.

काल एक बाई आली, धानोऱ्याची,
सगळे डबे सोडून त्याच्यापाशी थांबली.
आत फांद्या, जास्वंदीला एक फूल,
वर नळी, थेंब चालूच.
"हा केवढ्याला? गार हवा देतो का?"
मी म्हणालो, याला पंखा नाही.
ती म्हणाली, "मग नळी कशाला?"